कॅमेरा शाबूत, तरी कडेचा धोका दिसत नाही: बिघाड कुठला, मर्यादा कुठली?

गाडीच्या पुढच्या काचेमागचा कॅमेरा समोरचं बघून इशारा देतो आणि गरज पडली तर स्वतः ब्रेकही लावतो. त्याच्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. पुढे चाललेल्या गाडीच्या मागे ब्रेक बरोबर लागतो, लेनच्या पट्ट्या ओळखल्या जातात, सगळं ठीक वाटतं. पण अर्धा डांबरावर आणि अर्धा मातीत उभा असलेला ट्रक, झुडपातून निघालेलं जनावर, खचलेली साइडपट्टी, दोन उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यात उतरणारा माणूस, यांच्या वेळी मीटरवर काहीच येत नाही. वर्कशॉपमध्ये नेली की स्कॅनर लावतात, ‘फॉल्ट कोड नाही’, म्हणजे बिघाडाची नोंद नाही, असं म्हणतात आणि गाडी परत देतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

स्कॅनर खोटं बोलत नसतो. त्याला एवढंच कळतं की कॅमेरा चालू आहे, इतर युनिटशी त्याचा संपर्क आहे आणि त्याने स्वतःहून कुठलीही तक्रार नोंदवलेली नाही. कॅमेऱ्याला समोरचं किती आणि कसं दिसतंय, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. त्यामुळे ‘कोड नाही म्हणजे कॅमेरा ठीक’ हेही अर्धवट आणि ‘इशारा आला नाही म्हणजे कॅमेरा खराब’ हेही अर्धवट. यातल्या बऱ्याच तक्रारींमध्ये बदलण्यासारखा पार्ट नसतोच. काहींमध्ये मात्र अगदी साधी, दुरुस्त होणारी गोष्ट असते आणि ती कुणी बघितलेली नसते. खालचा क्रम या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी आहे.

आधी नमुना पकडा

वर्कशॉपला फोन करण्याआधी काही दिवस नुसतं टिपून ठेवा: वस्तू काय होती, कोणत्या बाजूला होती, ऊन समोरून होतं की मागून, दिवस की रात्र, वेग अंदाजे किती, रस्ता सरळ की वळणाचा, गाडीत माणसं आणि सामान किती. एवढ्याने निम्मं काम होतं. त्रास सकाळी-संध्याकाळी, सूर्य समोर असतानाच होत असेल तर काचेकडे बघा. एकाच बाजूच्या वस्तू चुकत असतील तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा नेमकी जुळवणं, बिघडल्याचा संशय धरा. फक्त रात्री होत असेल तर आधी हेडलाइट. गाडी भरलेली असतानाच होत असेल तर गाडीचं नाक वर उचललं गेलंय का ते पाहा. आणि वेळ, ऊन, वजन काहीही असो, ठराविक प्रकारच्या वस्तूच सुटत असतील, तर तो बहुतेक बिघाड नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

सेटिंगचा मुद्दा पटकन उरकू. धडक-इशाऱ्याची संवेदनशीलता बऱ्याच गाड्यांत ‘लवकर, मध्यम, उशिरा’ अशी बदलता येते आणि कुणीतरी कटकट नको म्हणून ती ‘उशिरा’वर नेऊन ठेवलेली असते. पादचारी ओळखण्याला वेगाची खालची आणि वरची मर्यादा असते. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि गाडीगणिक बदलते. कडक उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कॅमेरा तापला तर तो थंड होईपर्यंत काही मिनिटं काम थांबवतो. तसा संदेश मीटरवर येतोही, पण गाडी सुरू करण्याच्या घाईत तो वाचला जात नाही.

काच: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण

पुढचा कॅमेरा आरशाच्या मागे, काचेच्या आतल्या बाजूला बसवलेला असतो आणि जेमतेम तळहाताएवढ्या तुकड्यातून बाहेर बघतो. तुमच्या डोळ्यांसमोर काच स्वच्छ असली म्हणजे तो तुकडा स्वच्छ असतो असं नाही. वायपरच्या फेऱ्याची वरची कड बऱ्याचदा तिथेच येते आणि वायपरने ओढून आणलेली घाण त्या कडेलाच साचते.

तपासायची पद्धत सोपी आहे. अंधार पडल्यावर गाडी बंद करून मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवा आणि प्रकाश काचेवरून आडवा सरकेल असा धरा, सरळ आत मारू नका. दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी आता उमटतात: वायपरचे कमानीसारखे ओरखडे, बारीक खडे लागून पडलेले टोचे आणि मेणचट धुरकट थर. हा थर बाहेरून असेल तर काच धुण्याच्या साबणाने आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने जातो. ओरखडे जात नाहीत, पण वायपरचं रबर बदललं की नवे पडणं थांबतं. थर आतून असेल तर प्रकरण वेगळं आहे. आतलं प्लॅस्टिक उन्हात तापून जी वाफ सोडतं ती काचेवर बसते, आणि कॅमेऱ्यासमोरचा भाग प्लॅस्टिकच्या कव्हरखाली असल्याने तिथे कापड पोचत नाही. ते कव्हर घरी ओढून काढू नका. कॅमेऱ्याचा कोन हलला तर एका दुखण्याची दोन होतील. वर्कशॉपला नेमकं सांगा, ‘कॅमेऱ्याच्या कव्हरखालची काच आतून पुसून द्या.’

आता गंमत बघा. हा थर असतानाही पुढची गाडी ओळखली जाते, पट्ट्या ओळखल्या जातात. सूर्य समोर आला की थर उजळतो आणि सगळं चित्र फिकट पडतं. काळ्या डांबरावरची पांढरी पट्टी, लाल टेललाइट, नंबरप्लेट यांचा फरक इतका ठळक असतो की तो फिकटलेल्या चित्रातही टिकतो. झाडाच्या सावलीत उभा असलेला गडद कपड्यांतला माणूस मात्र आधीच पार्श्वभूमीत मिसळलेला असतो. तो सगळ्यात आधी गळतो. म्हणजे कॅमेऱ्याची नजर मंद झाली की ती कडेपासून मंद होते, मध्यापासून नाही, आणि चालकाला वाटतं कॅमेरा तर चालतोय. ‘कॅमेरा झाकला गेला आहे’ हा संदेश बराच भाग बंद झाल्याशिवाय येत नाही. त्याची वाट बघू नका.

डॅशबोर्डवर ठेवलेला पांढरा कागद, चकचकीत पॉलिश, एखादी मूर्ती, यांचं प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्यात जातं. स्टिकर, टॅग, डॅशकॅमचा स्टँड कॅमेऱ्याच्या नजरेच्या पट्ट्यात नको. गडद फिल्म तर नकोच.

कॅलिब्रेशन: एका अंशाचा हिशेब

कॅमेरा एक अंशाने वळलेला असेल तर ५० मीटरवरची वस्तू त्याला सुमारे ८७ सेंटिमीटर बाजूला दिसते आणि १०० मीटरवरची पावणेदोन मीटर. साधारण साडेतीन मीटर रुंदीच्या लेनमध्ये पावणेदोन मीटर म्हणजे निम्मी लेन. साइडपट्टीवरचा माणूस वाटेत की वाटेबाहेर, हा निर्णय एवढ्यात उलटतो. एका बाजूच्या वस्तू सुटणार आणि दुसऱ्या बाजूला विनाकारण इशारे येणार, हे त्याचं ठराविक लक्षण. लेन राखणारी यंत्रणा गाडीला सतत एकाच पट्टीकडे झुकवत असेल तर संशय पक्का होतो.

छोटी चूक कॅमेरा स्वतः काही प्रमाणात जुळवून घेतो आणि म्हणूनच कोड टाकत नाही. पुढची काच बदलली असेल तर कॅलिब्रेशन लागतंच, कारण कॅमेरा जुना असला तरी त्याचा ब्रॅकेट नव्या काचेवर नव्याने चिकटवलेला असतो. पुढून ठोकर बसली असेल, सस्पेन्शनची उंची बदलली असेल, व्हील अलाइनमेंट केलं असेल, टायरचं माप बदललं असेल, तर विचारून घ्या. दोन प्रकार असतात: समोर ठराविक अंतरावर नक्षीचा फलक उभा करून केलेलं, आणि स्पष्ट पट्ट्या असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून केलेलं. काही गाड्यांना दोन्ही लागतात. फलकाच्या प्रकारात जमीन सपाट हवी, टायरमधली हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी. या तिन्हींकडे दुर्लक्ष करून पाच मिनिटांत ‘झालं’ म्हणणाऱ्याकडून लेखी रिपोर्ट मागा.

डिकीत जड सामान आणि मागे तीन माणसं असली की गाडी मागे दबते आणि कॅमेरा थोडा आभाळाकडे बघू लागतो. पट्ट्या आणि क्षितिजावरून तो हा कल सुधारून घेतो, पण पट्ट्याच नसलेल्या रस्त्यावर त्याचा आधार जातो. त्याहून मोठी अडचण हेडलाइटची. कल बदलला की प्रकाशाचा झोतही वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो आणि रस्त्याच्या जवळच्या भागावर कमी पडतो. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायचं छोटं चाक असेल तर ते याच कामासाठी असतं.

सपाट जमिनीचं गृहीतक

इथवरच्या सगळ्या गोष्टी दुरुस्त होणाऱ्या होत्या. आता न होणाऱ्या.

एका भिंगाच्या कॅमेऱ्याला अंतर दिसत नाही, ते तो काढतो. वस्तूचे पाय किंवा चाकं चित्रात जिथे जमिनीला टेकलेली दिसतात, ती जागा क्षितिजापासून किती खाली आहे, यावरून हिशेब करतो. त्यासाठी दोन गोष्टी धरून चालाव्या लागतात: जमीन सपाट आहे आणि वस्तू जमिनीला टेकलेली आहे. महामार्गावरच्या गाड्यांना हे लागू पडतं. रस्त्याच्या कडेला यातलं काहीच नेमाने लागू पडत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१७ सालचं. स्वीडनमध्ये मूस नावाच्या थोराड हरणासाठी तयार केलेली व्होल्वोची प्राणी ओळखणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियात कांगारूंसमोर गोंधळली आणि कंपनीच्या तिथल्या तांत्रिक विभागाने हे उघडपणे सांगितलं. कांगारू उडी मारून हवेत असताना यंत्रणेला तो लांब वाटायचा आणि खाली टेकला की एकदम जवळ. कारण जमिनीचा आधारच सुटत होता.

कांगारू तुमच्या रस्त्यावर नसेल, पण हीच चूक तुमच्या गाडीत रोज होते. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेषा जमिनीवर आखलेल्या आहेत असं समजून काढलेल्या असतात. मागे उभ्या ट्रकचं फळकुट किंवा टेम्पोतून बाहेर आलेली सळई हवेत असते, त्यामुळे पडद्यावर ती मागच्या जमिनीवर पडलेली दिसते, म्हणजे आहे त्यापेक्षा लांब. पिवळी रेषाही आलेली नसते आणि मागची काच फुटलेली असते. शिवाय रिव्हर्स कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद पाहणारं असल्याने वस्तू तशाही लांब वाटतात. हा बिघाड नाही. कॅमेरा बदललात तरी नवाही हेच करणार. आणि सळईसारखी बारीक वस्तू मागच्या पार्किंग सेन्सरच्या पट्ट्याच्या वर असेल तर तोही गप्प राहतो.

वरून दिसणारं ३६० अंशांचं चित्र तर पूर्णपणे या गृहीतकावर उभं आहे. वर कुठलाच कॅमेरा नसतो. पुढे एक, मागे एक आणि आरशांखाली दोन अशा चार चित्रांना जमिनीवर पसरवून हे एक चित्र शिवलेलं असतं. जमिनीवर जे आहे ते बरोबर दिसतं, जे उभं आहे ते बाहेरच्या बाजूला ताणलं जातं, आणि जिथे दोन चित्रं जुळतात त्या शिवणीत बारीक उभी वस्तू पुसट होते किंवा गायब होते. स्वतः करून बघण्यासारखं आहे: गाडी मोकळ्या जागेत उभी करून ब्रेक लावा, ३६० चं चित्र चालू ठेवा आणि कुणाला तरी कमरेएवढी काठी उभी धरून गाडीभोवती सावकाश फिरायला सांगा. पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांवर काठी क्षणभर तुटते, दुभंगते किंवा नाहीशी होते, ती जागा लक्षात ठेवा. फुटपाथच्या कडेचे छोटे खांब, झाडाभोवतीचं कुंपण, आखूड दगड बंपरला लागतात ते नेमके तिथेच. शिवण ठिकाणावर नसेल, म्हणजे जमिनीवरची सरळ पट्टी दोन चित्रांच्या सीमेवर तुटून पायरीसारखी दिसत असेल, तर मात्र ते कॅलिब्रेशनचं काम आहे. आरसा बदलल्यावर किंवा त्याला धक्का लागल्यावर हे हमखास होतं.

खड्डा, उघडं गटार, खचलेली कड यांचा प्रश्न उलटा आहे. तिथे वस्तूच नाही, वस्तूचा अभाव आहे. हिशेब करून बघा. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर आहे, चित्र १२८० पिक्सेल रुंद आणि नजर सुमारे ५२ अंश, म्हणजे पुष्कळ गाड्यांत असतो तसा साधा कॅमेरा. अर्धा मीटर रुंदीची चर २० मीटरवर त्याला जेमतेम दोन पिक्सेल उंचीची दिसते. सावलीची रेघ आणि चर यांत तिथे काहीच फरक नाही. १० मीटरवर ती आठ-नऊ पिक्सेलची होते, पण ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ते १० मीटर संपायला जेमतेम ०.६ सेकंद लागतात. नव्या गाड्यांमधले जास्त पिक्सेलचे कॅमेरे हे आकडे सुधारतात, दोन भिंगांचे कॅमेरे खोली खरोखर मोजतात. तरी चर मुळातच चपटी दिसते, ते कोणीच बदलू शकत नाही.

ओळखीच्या यादीबाहेरचं जग

बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्यामागचं सॉफ्टवेअर ‘अडथळा’ शोधत नसतं. ते गाडी, ट्रक, मोटरसायकल, सायकलस्वार, माणूस अशी शिकवलेली चित्रं शोधतं. काही गाड्यांच्या यादीत मोठे प्राणी असतात, बऱ्याच गाड्यांच्या नसतात. पडलेली फांदी, टायरचा फाटका तुकडा, वाळूचा ढीग, ताणलेला दोर, उलटलेली हातगाडी, यांचं नावच यादीत नसेल तर कॅमेऱ्याला ते दिसूनही दिसत नाही. पुस्तिकेत ‘यंत्रणा काय ओळखत नाही’ असं एक पान असतं. कंटाळवाणं असतं, पण सगळ्या पुस्तिकेत वाचण्यासारखं पान तेच.

यादीतल्या गोष्टीही कडेला वेगळ्या अवतारात भेटतात. ट्रक शिकवलेला असतो तो मागून, पूर्ण, लेनच्या मधोमध. इथे तो तिरका, अर्धा मातीत, टेललाइट बंद, मागे ताडपत्री लोंबत असलेला. माणूस शिकवलेला असतो उभा, चालणारा. इथे तो वाकून टायर बदलतोय, किंवा डोक्यावर मोठा भारा घेऊन चालतोय आणि माणसाची बाह्यरेषाच मोडून गेली आहे. मदतीला रडार, म्हणजे रेडिओ लहरी सोडून त्या परत येण्यावरून वस्तू हेरणारा सेन्सर, असलं तरी पूर्ण भरवसा नको. रडारला थांबलेला ट्रक, कठडा, फलक आणि पुलाचा लोखंडी सांधा हे सगळेच स्थिर परतावे, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंवरून परत आलेल्या लहरी, वाटतात. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून जास्त वेगात अशा स्थिर परताव्यांना कमी वजन दिलं जातं.

यंत्रणा कशामुळे गप्प राहते ते इथे समजतं. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचं वळणं यावरून ती पुढच्या वाटेचा एक अरुंद पट्टा आखते. पट्ट्याबाहेरचं सगळं ती जाणूनबुजून सोडून देते. कडेला उभा असलेला माणूस तिला दिसलेला असतो, पण तो पट्ट्यात पाऊल टाकेपर्यंत तो तिच्यासाठी धोका नसतो. तो माणूस फोनवर बोलत रस्त्याकडे पाठमोरा सरकतोय, हे बघून तुम्ही पाय आधीच ब्रेकवर नेता. यंत्रणा नेत नाही.

आणि याच पट्ट्यामुळे उलटी तक्रारही येते: काही नसताना इशारा. वळणावर बाहेरच्या बाजूला उभी असलेली गाडी क्षणभर नाकासमोर येते, कारण गाडी अजून पूर्ण वळलेली नसते. मीटर लाल होतो, कधी ब्रेकचा झटकाही बसतो. लोक या दोन तक्रारी वेगवेगळ्या घेऊन येतात, ‘लागतो तिथे लागत नाही आणि नको तिथे लागतो.’ मूळ एकच आहे. नको तिथला इशारा एकाच वळणावर, एकाच उभ्या गाडीशी येत असेल तर तो पट्ट्याचा खेळ. सरळ मोकळ्या रस्त्यावर येत असेल तर कॅलिब्रेशन किंवा बंपरमागच्या रडारवर साचलेला चिखल बघा.

सावकाश वळताना आणखी एक भोक आहे. ५२ अंशांच्या नजरेचा कॅमेरा ५ मीटरवर डावी-उजवीकडे जेमतेम अडीच-अडीच मीटर बघतो. चौकात वळताना तुम्ही ज्या कोपऱ्याकडे जाताय तो कोपरा चित्रात आलेलाच नसतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये घेतलेल्या चाचणीत उजवीकडे वळल्यावर लगेच समोर आलेल्या माणसाच्या पुतळ्याला सगळ्या गाड्यांनी धडक दिली होती. दोन गाड्यांच्या मधून धावत आलेल्या मुलाच्या पुतळ्याला ताशी ३२ किलोमीटरच्या वेगातही ८९ टक्के वेळा धडक बसली. तेव्हापासून गाड्या सुधारल्या आहेत, पण तुमची गाडी त्या काळातली असेल तर हे आकडे तुमच्यासाठीच आहेत.

वेळच पुरत नाही तेव्हा

समजा, कॅमेरा निर्दोष आहे. तुमच्यापासून १२ मीटरवर, उभ्या व्हॅनमागून माणूस बाहेर आला. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ६० च्या वेगातून थांबायला सुमारे १७ मीटर लागतात, तेही एक क्षणही वाया गेला नाही तर. ३० च्या वेगात निर्णयाला अर्धा सेकंद धरूनही साडेआठ मीटरमध्ये गाडी थांबते. व्हॅनच्या आरपार कोणताच कॅमेरा बघू शकत नाही, त्यामुळे हे गणित कुठल्याही अपडेटने सुटणार नाही. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना वेग उतरवणं आणि रांगेपासून एक दार उघडेल एवढं अंतर सोडणं, हाच इथला उपाय.

रात्रीचं निराळं. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पादचारी ओळखून ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर काहीच फरक दिसला नाही. कॅमेऱ्याला हेडलाइटच्या पलीकडे दिसत नाही. डिपरवर, म्हणजे लो बीमवर, झोत समोरून येणाऱ्यांच्या बाजूला मुद्दाम आखूड कापलेला असतो, त्यामुळे त्या बाजूने रस्ता ओलांडणारा माणूस सगळ्यात उशिरा उजेडात येतो. ८० च्या वेगात दीड सेकंद प्रतिक्रिया आणि त्यानंतरचा ब्रेक मिळून ६४ मीटरच्या आसपास जातात. त्या बाजूला लो बीम तेवढा पोचत नाही. समोर कोणी नसेल तेव्हा हाय बीम वापरणं आणि हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घेणं, रात्रीच्या तक्रारीवर याहून परिणामकारक काही मला माहीत नाही. नवा कॅमेरा टाकण्याच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही.

चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला माणूस तरी दिसेलच, असं आपण धरून चालतो. त्याच संस्थेने २०२५ मध्ये तीन गाड्यांवर केलेल्या चाचण्यांत दोन गाड्या परावर्तक पट्ट्या लावलेल्या पुतळ्यासमोर चक्क गोंधळल्या. माणसाच्या डोळ्याला जे ठळक दिसतं ते कॅमेऱ्याला अंधारात तरंगणाऱ्या चार रेघांसारखं दिसू शकतं. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांजवळून जाताना हे डोक्यात असू द्या.

वर्कशॉपमध्ये काय मागायचं

‘कॅमेरा नीट चालत नाही’ एवढंच सांगितलंत तर स्कॅनर लागेल आणि गाडी परत मिळेल. त्याऐवजी नोंदी दाखवा. डॅशकॅमची क्लिप असेल तर द्या, पण डॅशकॅमला दिसलं म्हणजे गाडीच्या कॅमेऱ्यालाही दिसायला हवं होतं, हा वाद घालू नका. भिंग वेगळं, जागा वेगळी आणि डॅशकॅमला काही ओळखायचं नसतं, नुसतं साठवायचं असतं. चार गोष्टी मागा: कव्हरखालची काच आतून तपासून पुसणं, कॅलिब्रेशन आणि त्याचा छापील रिपोर्ट, हेडलाइटच्या झोताची मशीनवर तपासणी, आणि कॅमेरा युनिटच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. शेवटची महत्त्वाची, कारण ओळखीची यादी आणि इशाऱ्याचे उंबरठे सॉफ्टवेअरमध्ये असतात. अपडेट आलेला असेल तर काही तक्रारी कुठलाही पार्ट न बदलता मिटतात. अपडेटनंतर संवेदनशीलतेची सेटिंग मूळपदावर गेली आहे का, ते बघून घ्या.

कॅमेरा बदलायचा सल्ला मिळाला तर कारण विचारा. फॉल्ट कोड असेल, कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा अपुरं राहत असेल, भिंगाच्या आत बाष्प दिसत असेल किंवा ब्रॅकेट तुटला असेल, तर सल्ला रास्त आहे. यातलं काही नसताना, फक्त फांदी, चर किंवा सळई सुटते म्हणून कॅमेरा बदलत असतील तर नको म्हणा. काच, कॅलिब्रेशन, झोत आणि सॉफ्टवेअर हे चारही झाल्यावर तक्रार ठराविक वस्तूंपुरतीच उरली असेल, तर त्या वस्तूंची नावं पुस्तिकेतल्या त्या पानाशी ताडून बघा. बहुतेक तिथे सापडतील. आणि यादीत असलेली वस्तू, स्वच्छ उजेडात, सरळ रस्त्यावर, तुमच्याच लेनमध्ये पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर वॉरंटीत लेखी तक्रार करा आणि सोबत तारीख, वेळ, वेग आणि क्लिप जोडा.